गुंतवळ घेऊन गेले ड्रायर आणायला

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं हातानं शिकले. गावातल्या बाळंतिणी आणि त्यांची लेकरं न्हाऊ घालायचं काम मी कंबर धरेपर्यंत केलं. मी गोड बोलणारी बाई नाही. रडणाऱ्या पोरींना मी दटावूनच न्हाऊ घातलं. पण माझ्या हाताखालून गेलेली बाळंतीण ओल्या डोक्यानं कधी उठली नाही, एवढं मी सांगू शकते.

आमच्याकडं बाळंतिणीचे केस धुरीवर वाळवतात. शेगडीत निखारे घ्यायचे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं टाकायची, वर बांबूची दुरडी पालथी घालायची. बाळंतीण बाजेवर आडवी होते, तिचे केस बाजेच्या कडेवरून खाली सोडून दुरडीवर पसरायचे. दुरडीच्या भोकांतून ऊब येते, धूर येतो, केस आतून वाळतात. पोरी तिथंच झोपी जायच्या.

माझी नात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घालायचं ठरलं. नातीचे केस कमरेखाली जातात, दाट आणि कुरळे. लहानपणापासून तिची वेणी मीच घातली. ते केस ओले झाले की अर्धी घागर पाणी पोटात धरतात.

तिला लहानपणी दमा होता. हे मला माहीत होतं. माहीत असून मी शेगडी पेटवली. लग्नानंतर बरं झालं असेल असं मी स्वतःला सांगितलं, कारण धुरीशिवाय बाळंतीण कशी वाळवायची हे मला येत नव्हतं. खोलीचं दार लावलं, खिडकीला गोधडी लावली. थोड्या वेळानं ती उठून बसली. तिला बोलता येईना, खांदे वरखाली व्हायला लागले. सून धावत आली, तिला अंगणात नेलं, तिच्या बॅगेतून पंप शोधून काढला. तो ओढल्यावर श्वास मोकळा झाला. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, धूर अजिबात चालायचा नाही.

घरात मला कोणी बोललं नाही. बोललं असतं तर मी उलटं बोलले असते. नात एवढंच म्हणाली, "आजी, आजपासून माझं डोकं आई धुईल."

"बराबर हाय," मी म्हणाले आणि शेगडी परसात नेऊन ठेवली.

सून डोकं धुवायची, पण केस वाळायचे नाहीत. सकाळी धुतलेलं डोकं दिवेलागणीपर्यंत ओलं. पोरगी लेकराला पाजायला बसली की पाठीवरून पोलकं भिजायचं, मग डोकं दुखायचं. लेकरू शिंकलं तरी तिला वाटायचं, आपल्या ओल्या केसांनीच झालं. एक दिवस ती म्हणाली, "सव्वा महिना झाला की पार्लरात जाऊन मानेवर कापून टाकते. तकलीफच न्हाई मग."

केसांचं मला फार वाटत नाही. कापले तर परत येतात. पण हे केस तिला नकोसे नव्हते. रोज आरशासमोर बसून ती ते पुढं घ्यायची, मागं टाकायची. ती कापणार होती ते माझ्या धुरीमुळं. आणि एकदा कापले की माझा हात तिच्या डोक्याला लागायचं कारणच उरणार नव्हतं. ते मला नको होतं.

नातजावयानं नांदेडहून ड्रायर पाठवला. काळा, नांगराच्या मुठीएवढा जाड. पार्लरातला सगळ्यात जोराचा आहे, असं त्यानं फोनवर सांगितलं. सुनेनं तो लावला तर खोलीत वावटळ आली. केस एका जागी राहीनात. मला बघवेना. मी म्हणाले, "असं हवेत धरून काय होतंय. दुरडीखाली ठेव."

सुनेनं माझ्याकडं पाहिलं, नातीनं मान हलवली. मी दुरडी आणली, ड्रायर तोंड वर करून तिच्याखाली टेकवला, केस वर पसरले. पहिली दोन मिनिटं छान ऊब आली. पण त्याची हवा ओढायची मागची जाळी जमिनीला टेकून कोंडली होती. मग जळका वास आला आणि ड्रायर बंद पडला. मधल्या दोन-चार बटांची टोकं जळून करपट झाली होती.

सून ड्रायर हातात घेऊन बघत राहिली. मग म्हणाली, "आत्याबाई, याला बी दमा झाला."

नात हसली. शेगडीच्या दिवसानंतर ती पहिल्यांदा हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण टोकं पुन्हा माझ्याच हातानं जळाली होती.

थंड झाल्यावर ड्रायर पुन्हा चालू झाला. सुनेनं तो हातात धरून वापरला तेव्हा केस वाळले, पण फुगून बाभळीच्या झुडपासारखे झाले. फणी जाईना. ओढली की केस तुटून यायचे. नात म्हणाली, "आई, बस कर. कापायचेच हायत."

दुसऱ्या दिवशी मी लुगडं बदललं आणि फणीतली गुंतवळ कॅलेंडरच्या कागदात बांधली. सुनेनं ते पाहिलं.

"आत्याबाई, हे काय करून राहिल्या? बाळंतिणीचे केस घराबाहेर नेत न्हाईत. तुमीच सांगत व्हता समद्यांना."

"व्हय, मीच सांगत व्हते."

"मग?"

"मग आज मीच नेते. केस दाखवून दुसरा ड्रायर आणते. डोकं तर नेता येत न्हाई बाजारात."

हे मी आयुष्यभर पाळलं होतं. बाळंतिणीची गुंतवळ, नखं, काही उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, कोणाच्या हाती लागलं तर वाईट करतात, असं मी पोरींना बजावत आले. पण कागद कमरेला खोचला आणि ऑटोत बसून जवळा बाजार या गावी गेले.

तिथं बायकांच्या सामानाचं एक दुकान आहे, मागच्या खोलीत पार्लर. दुकान चालवणारी बाई तिशीची असेल. मी ड्रायर मागितला तर तिनं पहिलं विचारलं, "कुणासाठी, मावशी? केस कसे हायत?"

"दाट हायत."

"दाट म्हंजे? तार जाड का केस जास्त?"

हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी कागद सोडला. गुंतवळ पाहून ती हसली नाही. तिनं त्यातून एक लांब केस वेगळा केला, पाण्याच्या ग्लासात बुडवला आणि बाहेर काढून दोन बोटांत धरला. केस आपोआप वळून कडबोळ्यासारखा झाला. मग तिनं तो हळू ताणला. तो तुटला.

"बघा," ती म्हणाली, "केस लई हायत, पण एकेक तार बारीक हाय. वरून दाट दिसते म्हणून लोक जोराचा ड्रायर घेतेत. तो जाड, सरळ केसाला चालते. याला जोराची हवा लागली की फुगते, आन जास्त गरम लागलं की तुटते."

मी इतकी वर्षं केस हातात घेतले, पण धूर सगळ्यांना एकच दिला. जाड केसांच्या बाईला आणि बारीक केसांच्या बाईला तीच शेगडी. ती बाई बोलत होती आणि मी मनात एकेक डोकं आठवत होते.

तिनं तीन ड्रायर काउंटरवर मांडले. एकाला एकच बटण होतं, ऊब आणि हवा दोन्ही एकदम वाढायची. तो तिनंच बाजूला सारला. दुसरा सरळ केसांचा, चपट्या तोंडाचा. तिसऱ्याला ऊब वेगळी आणि हवा वेगळी कमी-जास्त करायची बटणं होती, आणि एक गार हवेचं. त्याच्या तोंडावर बसवायला एक पसरट वाटी होती, तिला सगळीकडं भोकं.

"ही वाटी कुरळ्या केसाची," ती म्हणाली. "केस खालून वाटीत घ्यायचे, हलवायचे न्हाईत. हवा भोकातून वाटून येते, म्हणून केस उडत न्हाईत."

"दुरडी हाय ही," मी म्हणाले.

तिला ते समजलं नाही. मी समजावलं नाही. ड्रायर चालू करायला सांगितला आणि कोपर पुढं केलं. लेकराच्या अंघोळीचं पाणी मी कोपरानंच बघते, बोटांचं कातडं मेलेलं असतं, ते खोटं सांगतं. मधल्या उबेवर कोपर थोडं चरचरलं. कमी उबेवर बरं वाटलं. तोच घेतला. गुंतवळ परत कागदात बांधून कमरेला खोचली. घरी आल्यावर सुनेनं आधी कागद उघडून पाहिला, मग ड्रायरचा खोका.

रविवारी सुनेनं डोकं धुतलं आणि ड्रायर हातात घेतला. मी उंबऱ्यात उभी होते. कसा धरायचा ते सांगत होते: पाणी आधी सुती कापडानं टिपून घे, चोळू नको, फणी लावू नको, वाटी खालून वर ने. तिच्या एका हातात लेकरू, दुसऱ्या हातात ड्रायर.

नात बाजेवर आडवी होती, डोळे मिटलेले. ती म्हणाली, "आई, तू लेकराला घे. आजीला दे ते."

सुनेनं माझ्या हातात ड्रायर दिला. मी खाली पाट घेऊन बसले, पूर्वी शेगडीजवळ बसायची तशी. दार उघडं होतं, खिडकी उघडी होती. एकेक बट वाटीत घेतली, थांबले, सोडली. वाळायला वेळ लागला. कमी उबेवर लागतोच. शेवटी गार हवा दिली. केस फुगले नाहीत, वळणं जागच्या जागी राहिली. मानेजवळ हात घालून पाहिलं, तिथं अजून दमट होतं, म्हणून तिथं पुन्हा धरला. तोपर्यंत पोरगी झोपली होती. तिचा श्वास मी कान देऊन ऐकला. साफ होता.

सव्वा महिना झाला त्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन पाठ करून बसली आणि कात्री पुढं केली. ती हातात न घेताच मी म्हणाले, "पार्लरात जाणार व्हतीस ना."

"टोकं जळालीत तेवढी काढ," ती म्हणाली. "तूच जाळली हायत."

मी टोकापासून चार बोटं मोजली आणि तेवढेच केस कापले.