श्रावणने निवडलेलं कुत्रं

कोराडीच्या वीजकेंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर मी आणि श्रावण नंदनवारने एकतीस वर्षं काम केलं. तो फिटर, मी हेल्पर. पुढे मीही फिटर झालो, पण अवघड जागी पाना त्याच्याच हातात असायचा. त्याचे वडील तांडापेठेत मागावर बसायचे. माग बंद पडला तेव्हा श्रावण कोळशात आला. बेअरिंग तापलंय का, हे तो हाताच्या मागच्या बाजूने पाहायचा. तळहाताला घट्टे पडलेले असतात, त्याला खरं कळत नाही, हे त्याने मला पहिल्या आठवड्यात शिकवलं.

दुसरं शिकवलं ते कार्ड वाचणं. पट्टा दुरुस्त करायचा तर आधी तो बंद करून परवान्याचं कार्ड घ्यावं लागे. त्यावर पट्ट्याचा नंबर, तारीख, नाव, सही. चारही गोष्टी वाचायच्या आणि कार्ड जोडीदाराकडे द्यायचं. त्यानेही वाचायच्या. दोघांनी वाचल्याशिवाय आत हात घालायचा नाही. एकदा एका नव्या साहेबाने आदल्या दिवसाचं कार्ड दिलं. श्रावण खाली बसून राहिला. साहेब ओरडला, "एका तारखेनं काय आभाळ कोसळते?"

"आभाळ नाही कोसळत साहेब. पट्टा सुरू होते."

अर्ध्या तासाने कंट्रोल रूममधून कुणीतरी खरंच पट्टा सुरू केला. आम्ही बाहेर बसलो होतो.

निवृत्त होऊन आम्हाला चार वर्षं झाली. दोघंही तांडापेठेत, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. श्रावणच्या घरात बायको चंद्रकला, मुलगा चंदन, सून प्रियदर्शनी आणि पाचवीतली नात नूपुर. माणसं वाईट नाहीत. पण घरात श्रावणला काम नव्हतं आणि कुणी त्याला काही विचारत नव्हतं. फरशी बदलायला गवंडी आला, तेव्हा त्याला कळलं की फरशी बदलायची आहे. तो दर महिन्याला पंखे खोलून पुसायचा. चंद्रकला म्हणायची, "पंख्यानं तुमचं काय घोडं मारलं? फिरू द्या त्याले."

या जानेवारीत, संक्रांतीच्या दुपारी, घरच्यांनी त्याला मधे बसवलं. नूपुरला कुत्रं हवं होतं. चंदनच्या मनात लॅब्रडोर, नूपुरच्या मनात हस्की, ते निळ्या डोळ्यांचं, बर्फातलं. दोघांचं जमेना. चंदन म्हणाला, "बाबा, तुम्हीच ठरवा. तुम्ही म्हणाल ते आणू."

श्रावण त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला. त्याने दाढी केली होती.

"मले विचारलं गा," तो म्हणाला.

"काय विचारलं?"

"कोणतं कुत्रं आणायचं ते."

"मग सांगून टाक एक."

"असं कसं सांगू? पाहाव लागन ना."

तो पाहायला लागला. जरीपटक्यात कामिनी नावाच्या बाईंचं ब्यूटी पार्लर आहे, त्यांच्या लॅब्रडोरला सहा पिल्लं झाली होती. श्रावण सायकलवर तिथे गेला. सकाळी गेला, मग दुसऱ्या दिवशी भर दुपारी गेला, मग संध्याकाळी. जनावर एकाच वेळी पाहून कळत नाही, असं त्याचं म्हणणं. पिल्लांच्या आईला त्याने उतारावर चालवून पाहिलं, मागचे पाय सरळ पडतात का ते. एका मिनिटात किती श्वास घेते ते घड्याळ लावून मोजलं. किती खाते, किती केस गळतात, अनोळखी माणसावर भुंकते की नाही, सगळं विचारलं. कामिनीबाई हसत म्हणाल्या, "भैया, इतनी पूछताछ तो लोग लड़की देते टाइम भी नहीं करते."

"लडकी बोल के बताती है," श्रावण म्हणाला. "ये बोलेगा नहीं."

हस्की पाहायला तो काटोल रोडवरच्या एका बंगल्यावर जायचा. तिथला चौकीदार नत्थू त्याच्या ओळखीचा झाला. फेब्रुवारी नुकता लागला होता, तरी ते कुत्रं दुपारी ओल्या पोत्यावर पोट टेकून पडलेलं असायचं. श्रावणने त्याचेही श्वास मोजले. लॅब्रडोरच्या दुप्पट भरले.

"आता असं आहे तं मे महिन्यात काय करते?" त्याने विचारलं.

"मे महिन्यात याले एसी राहते," नत्थू म्हणाला. "मले टेबलफॅन, तोही मीच घरून आणला."

"आन लाइट गेली तं?"

"तं साहेब याले गाडीत बसवून गाडीचा एसी लावते. मी बाहेरून पाहतो."

मग श्रावणने स्वतःला तपासायला घेतलं. कुत्र्याला रोज फिरवावं लागतं, आणि फिरवणार तोच, हे त्याने धरून टाकलं होतं. दोन्ही जातींना किती चालवावं लागतं ते त्याने जनावरांच्या डॉक्टरला विचारलं आणि तेवढं अंतर आपल्याला झेपतं का ते पाहू लागला. पहाटे पाचला तांडापेठेतून निघायचा, हातात कुत्र्याचा रिकामा पट्टा. पट्टा धरलेला हात पुढे ठेवून खांदा किती वेळाने दुखतो, तेही कळायला हवं म्हणून. गल्लीतली माणसं विचारायची, "श्रावणभाऊ, कुत्रं कुठी गेलं?"

"येऊन राहिलं," तो म्हणायचा आणि चालत राहायचा.

पंधरा दिवस तो असा चालला. एक दिवसही चुकला नाही. मी तीन दिवस सोबत गेलो, चौथ्या दिवशी गुडघ्याने नकार दिला.

याच सुमारास गोळीबार चौकात चहाच्या टपरीवर मला चंदन भेटला. त्याने माझाही चहा सांगितला.

"काका, एक सांगू? बाबाले बोलू नका."

"बोल."

"कुत्रं ठरलं आहे. हस्की. रायपूरहून येऊन राहिली. संक्रांतीच्या आधीच बुक केली. नूपुरच्या वाढदिवसाले आणतो."

मी कप खाली ठेवला. "मग त्याले काहून फिरवून राहिले गा?"

"फिरवून कोण राहिलं? आईनं म्हटलं, यायले विचार, जरा मन रमन. आम्हाले वाटलं, दोन दिवसांत काहीतरी सांगतीन अन् विसरतीन." तो थोडा हसला. "पण काका, तुम्हीच सांगा, खूश आहेत ना? रोज दाढी करून राहिले. पंख्याले हात नाही लावला महिनाभर. आता सांगितलं तं पुन्हा कोपऱ्यात बसतीन."

तो खोटं बोलत नव्हता. श्रावण खूश होता. मी म्हटलं, "ठीक आहे, नाही सांगत." चहा पिऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी श्रावण मला जरीपटक्याला घेऊन गेला. एक पिवळट पिल्लू त्याने निवडून ठेवलं होतं. त्याने ते पालथं करून पोट दाखवलं, कान दाखवले, तोंड उघडून हिरड्या दाखवल्या. "पाह्य. कसं वाटते?"

"चांगलं आहे," मी म्हटलं.

"नुसतं चांगलं म्हणू नको. काही खोट दिसते का सांग."

मी पिल्लाकडे पाहत राहिलो. खोट दिसत नव्हती. कामिनीबाईंना त्याने शब्द दिला, हे पिल्लू नंदनवारांच्या घरी जाईल. दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, त्याला बाईंनी परत पाठवलं. परतताना सायकल हातात धरून तो माझ्यासोबत चालत होता आणि गच्चीवर सावली कुठे पडते, पाण्याचं भांडं कुठे ठेवायचं, ते सांगत होता. इंदोरा चौकापर्यंत मला चार वेळा वाटलं, सांगून टाकावं. सांगितलं नाही. एवढं चांगलं चाललेलं काम मधेच बंद पाडायला माझा हात धजेना, असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे त्याच्या तोंडाकडे पाहून बोलायची मला हिंमत झाली नाही.

त्या रविवारी त्याने घरच्यांना बसवून निर्णय सांगितला. मलाही बोलावलं होतं. वीस मिनिटं बोलला. लॅब्रडोरचे दोषही सांगितले. खादाड आहे, लठ्ठ होतं, चपला चावतं, चोराकडूनही लाड करून घ्यायला जाईल. हस्की देखणी आहे, हे मान्य केलं. मग म्हणाला, "पण आपल्या गच्चीच्या फरशीवर एप्रिलमध्ये दुपारी हाताची मागची बाजू टेकवली, तं दहा अंक मोजेपर्यंत टिकत नाही. त्या जनावरानं पाय कुठी ठेवावा? नूपुर, तुले राग आला असन. पण बेटा, डोळ्यांवर जाऊन नाही चालत. त्याले इथं राहायचं आहे."

नूपुर आईकडे पाहत होती. प्रियदर्शनी म्हणाली, "बाबा, खूप अभ्यास केला तुम्ही." चंदन म्हणाला, "ठीक आहे बाबा. तुम्ही म्हणाल तसं."

चंद्रकला उठून चहा ठेवायला गेली. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो.

"वहिनी, आता तरी सांगा."

"वाढदिवस होऊ द्या भाऊजी," ती म्हणाली. "पिल्लू पाहिलं का विरघळतीन ते. मी ओळखत नाही का त्यायले?"

वाढदिवसाला शेजारपाजारची माणसं होती. केक यायच्या आधी चंदन एक टोपली घेऊन आला. आत राखाडी-पांढरं पिल्लू, एक डोळा निळा, एक तपकिरी. नूपुर किंचाळली. सगळे टोपलीभोवती जमले.

श्रावण जागचा हलला नाही. म्हणाला, "हे कामिनीबाईकडचं नाही."

"नाही बाबा," चंदन म्हणाला. "त्या बाईनं तुमचं पिल्लू दुसऱ्याले देऊन टाकलं म्हणते. मग काय करता, आज वाढदिवस. घाईत हेच भेटलं."

श्रावण सकाळीच जरीपटक्याला जाऊन आला होता. पिल्लू तिथेच होतं, त्याच्या बोटाला चावलं होतं. पण तो पाहुण्यांसमोर काही बोलला नाही. त्याने पिल्लू उचललं, पोट पाहिलं, कान पाहिले. जनावराशी त्याचं भांडण नव्हतं. मग हात पुढे केला. "याचं कार्ड?"

लसीचं कार्ड टोपलीतच होतं. प्रियदर्शनीने चटकन उचललं, पण मग काय करावं तिला सुचलं नाही. तिने ते त्याला दिलं.

श्रावणने कार्ड वाचलं. सावकाश, वरून खाली. मालकाचं नाव, चंदन श्रावण नंदनवार. नोंदणीची तारीख, दहा जानेवारी. संक्रांत चौदाला होती.

वाचून झाल्यावर त्याने कार्ड माझ्याकडे दिलं. एकतीस वर्षं देत होता, तसंच.

मी ते घेतलं आणि परत दिलं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. खोलीत पोरींचा गोंधळ चालला होता.

"वाचलं नाही तू," तो म्हणाला.

मी कार्डासाठी पुन्हा हात पुढे केला. त्याने ते दिलं नाही.

"तुले वाचायचं काम नव्हतं. तुले माहीत होतं."

"श्रावण, ऐक..."

"कधीपासून?"

"टपरीवर भेटला होता चंदन. तू पट्टा घेऊन फिरून राहिला होता तेव्हा."

"मी तुले जरीपटक्याले नेलं, त्याच्या आधी?"

"हाव. आदल्या दिवशी."

त्याने मान हलवली. चंद्रकला मधे आली. "भाऊजीले बोलू नका. चंदनलेही नको. मीच म्हटलं होतं, तुम्हाले विचारा म्हणून. दिवसभर भिंतीकडे पाहत बसत होते तुम्ही. मले पाहवत नव्हतं."

"तं मले सांगायचं ना वं, का भिंतीकडे पाहू नका," श्रावण म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी महिनाभर काम केलं, चंद्रकला. तुम्ही सगळे वर बसून पाहत होते."

"तुमच्या भल्यासाठीच केलं."

"माणसाले काम नसलं तं नसलं. खोटं काम देऊ नये."

केक कापला. त्याने नूपुरच्या तोंडात घास दिला, डोक्यावर हात ठेवला. पोरीचा काय दोष. मग चपला घालून निघाला. मी जिन्यापर्यंत गेलो. "कुठं चालला गा? मी येतो."

"जरीपटक्याले. बाईनं गिऱ्हाईक परत पाठवलं माझ्या शब्दावर. तिले सांगाव लागन." दोन पायऱ्या उतरून तो थांबला. "तू नको येऊ."

ते पिल्लू आता मोठं झालं आहे. पहाटे चंदन फिरवतो. पहिल्या दिवशी त्याने बापाला हाक मारली होती. श्रावण म्हणाला, "ज्यानं निवडलं त्यानं फिरवावं." मे महिन्यात दुपारी गच्चीच्या खोलीत कूलर लावून कुत्र्याला कोंडत. कूलरमध्ये पाणी कमी झालं की श्रावण मुकाट्याने भरायचा. त्यावर कधी बोलला नाही. आपलं खरं ठरलं, हेही म्हणाला नाही.

घरात आता त्याला विचारतात. खरोखर विचारतात, चंदनने माझ्यासमोर शपथ घेतली. रंग कोणता द्यायचा, नूपुरला कोणत्या शाळेत टाकायचं. श्रावणचं एकच उत्तर असतं. "तुमचं जे ठरलं असन ते सांगा."

गेल्या आठवड्यात मी त्याच्याकडे गेलो. डॉक्टर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन करा म्हणतात, मुलगी म्हणते थांबा. मला ठरवता येत नव्हतं. अशा वेळी मी आयुष्यभर एकाच माणसाला विचारत आलो. त्याने मला खुर्ची दिली. पाणी दिलं. माझं सगळं ऐकून घेतलं.

"मग काय करू गा?" मी विचारलं.

"तारीख घेतली असन ना," तो म्हणाला. "सांगजो. पाहायले येईन."

तारीख मी घेतली नव्हती. तसं सांगितलंही. त्याने फक्त मान हलवली, आणि मला दिसलं की त्याचा विश्वास बसलेला नाही.