जीपची पातळ पट्टी
वेल्डिंगचा धूर नाकात गेला की धारूरच्या बाजाराजवळचं ते पत्र्याचं शेड मला अजून आठवतं. वडिलांची जुनी जीप मी हौसेनं नीट करायला काढली होती. तिची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मधोमध गंजून कमजोर झाली होती आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या मारून ती ताठ करायची होती. म्हातारे वेल्डरकाका एक जाडजूड पट्टी पुढं करत म्हणाले, "हीच घ्या. पातळ टिकायची न्हाई, घाटात लई हिसके बसतेत." वजन वाढेल, मी सगळं वाचलंय, असं ऐकवून मी हट्टानं पातळ पट्टीच मारून घेतली. पंधरा दिवसांनी सासऱ्यांना घेऊन घाट उतरताना खालून कडाड आवाज झाला आणि दारं जाम झाली. चासी पट्टीसकट तडकली होती. जीप ओढून शेडवर आणली, तेव्हा चार गिऱ्हाईकं तिथं बसलेली होती. "ही पट्टी कुणी निवडली?" सासऱ्यांनी विचारलं, आणि मी काकांकडे बोट केलं. "काम जमत न्हाई तर घेता कावून?" सासरे सगळ्यांदेखत त्यांच्यावर ओरडले. काकांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "चुकलं मालक," एवढंच बोलून ते जाड पट्टी कापायला बसले. मी मान खाली घालून उभा राहिलो. आता काका काम करत नाहीत, घरासमोर बसलेले असतात. मी दिसलो की हात वर करून विचारतात, "गाडी बरी हाय ना?" मी हो म्हणतो आणि न थांबता पुढे जातो.