क्लिफर्ड ग्रिमशॉचं एक वाक्य

रॉचडेलच्या क्लिफर्ड ग्रिमशॉची पाठ अर्ध्या इंग्लंडने पाहिली होती. तोंड मात्र त्याच्या गल्लीपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या गुप्तहेरकथांची मालिका तेव्हा टीव्हीवर जोरात होती. तिच्यातला गुप्तहेर दर भागात ज्या बग्गीत उडी मारून बसायचा, ती बग्गी क्लिफची, घोडी क्लिफची आणि लगाम धरून बसलेली पाठही क्लिफचीच.

आजोबांच्या वेळेपासून ग्रिमशॉंच्या तबेल्यातल्या गाड्यांतून गावची लग्नं आणि मयतं निघत. पुढे मयतं मोटारीतून जाऊ लागली, लग्नंही तुरळक झाली, आणि क्लिफ तबेला विकायच्या गोष्टी करू लागला. तेवढ्यात टीव्हीवाले जुनी बग्गी शोधत आले. राणीचं लंडन त्यांनी इथेच, उत्तरेकडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांमागच्या दगडी गल्ल्यांत उभं केलं होतं. धुकं यंत्रातून यायचं आणि घोडी शिंकायची. क्लिफने उंच टोपी घालायची, हाक म्हटलं की हाकायचं, थांब म्हटलं की थांबायचं. बायको मॅव्हिस म्हणायची, हा माणूस घरी असा ऐकेल तर काय हवं.

एका भागात बग्गीवाल्याच्या तोंडी एक वाक्य होतं. त्यासाठी लंडनहून खास नट आणला होता. घोडीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि त्याच्या बाहीचा तुकडा तोडला. नट पुन्हा बग्गीवर चढेना. दिवस मावळत आला होता, म्हणून दिग्दर्शकाने क्लिफलाच वाक्य दिलं. पळालेला खुनी कुठे उतरला, एवढंच गुप्तहेराला सांगायचं होतं.

क्लिफने ते आधी घोडीला म्हणून दाखवलं, मग कॅमेऱ्यापुढे. "सायबाला पुलापाशी उतरिवलं, मालक. बोलला न्हाई काय." दिग्दर्शकाने पाठ थोपटली आणि उत्तम झालं म्हणाला. क्लिफला वाटलं, खरंच उत्तम झालं असणार.

भाग दाखवायचा त्या रविवारी संध्याकाळी त्याच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मॅव्हिसने डुकराच्या मांसाचं सारण भरलेल्या पाई भाजल्या होत्या आणि चहा केला होता. तिची बहीण एनिड आली होती, शेजारचे हॉवर्थ आले होते, आणि क्लिफच्या कमी ऐकू येणाऱ्या सासूबाईंना थेट टीव्हीसमोर बसवलं होतं. क्लिफने टाय लावला होता.

बग्गी आली. गुप्तहेराने प्रश्न विचारला. क्लिफने मान वळवली, तोंड उघडलं, आणि त्यातून लंडनच्या गल्लीबोळातला कुणी भलताच माणूस चुरुचुरु बोलला.

एनिडने टीव्हीकडून त्याच्याकडे मान वळवून विचारलं, "क्लिफ, तूच ना रे तो?"

"तोंड माझंच आहे," क्लिफ म्हणाला.

सासूबाई मात्र खूश होत्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझं बोलणं मला नीट समजलं बघ," असं म्हणून त्यांनी आणखी एक पाई मागितली. हॉवर्थना इतकं हसू फुटलं की ते अंगणात गेले.

पुढच्या चित्रीकरणाला क्लिफने दिग्दर्शकाला गाठलं. तो तरुण भला होता. त्याने मनापासून समजावलं की बग्गीवाला लंडनचा, तो रॉचडेलचं बोलला तर प्रेक्षकांना खोटं वाटेल, म्हणून नंतर वरून दुसऱ्याचा आवाज घातला. क्लिफने आजूबाजूला पाहिलं. दगडी कोळशाच्या वखारीवर लंडनच्या बँकेची पाटी होती. यंत्र धुकं ओकत होतं. गुप्तहेराच्या नाकाला मेण लावून बाक देणं चाललं होतं. या सगळ्यात खोटा ठरला होता तो एकटा त्याचा आवाज.

"सांगायचं होतंत तरी," तो म्हणाला. "मी घरी माणसं बोलावली होती."

दिग्दर्शक ओशाळला. क्लिफ टोपी घालून बग्गीवर चढला, कारण घोडीला रोज खायला लागतंच.

पण त्या वाक्याने भलतंच झालं. टीव्हीवरची बग्गी आपल्या लग्नाला हवी म्हणून मुली दुरून दुरून येऊ लागल्या. पहिल्याच नवरीने चर्चच्या दारात हट्ट धरला, ते वाक्य म्हणाच. क्लिफने म्हटलं. तिचा चेहरा पडला. "असं नाही हो," ती म्हणाली, "टीव्हीवर म्हणता तसं."

रागावून उपयोग नव्हता. क्लिफने तो भाग टेपवर मिळवला आणि तबेल्यात घोडीपुढे बसून स्वतःच्या तोंडातला परका आवाज शिकला. वसंतात त्याला नवरीमागून नवरी मिळाली. प्रत्येकीला तो लंडनच्या थाटात सांगायचा की साहेबाला पुलापाशी उतरवलं, आणि वऱ्हाडी टाळ्या वाजवायचे. तबेला विकायचं नाव कुणी काढेना.

एकदा लग्न आटोपल्यावर मॅव्हिस त्याच्या शेजारी वर येऊन बसली. रिकामी बग्गी कालव्याच्या कडेने घराकडे निघाली होती.

"आता आपल्या बोलीत म्हण बघू," ती म्हणाली.

"काय म्हणू?"

"तेच. सायबाचं."

क्लिफने तोंड उघडलं, तर लंडनवालाच बाहेर आला. मॅव्हिस त्याच्याकडे बघत राहिली. त्याने खाकरून पुन्हा सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबला. मग लगाम तिच्या हातात देऊन तो डोकं खाजवत बसला. घोडी आपली चालत होती.