आठवड्याचे उपास

आम्ही दोघांनी शेवटचं काम केलं ते मेथी निवडायचं. पिवळं पान दिसलं की बायको बाजूला टाकायची. तरुणपणी मूल होईना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिलाही असंच बाजूला टाकलं होतं. म्हणाल्या, “वजन फार कमी, त्यात सारख्या रडता. हे उपचार झेपायचे नाहीत. आधी पोटभर जेवा, मन सावरा, मग या.”

मुलासाठीच आठवड्याला चार उपास धरायला लावले होते मी. निवडणाऱ्याला पिवळं पान दिसतं, उन्हात टाकणारा दिसत नाही. घरी येऊन वर म्हणालो, “रडतेस काय? पाचवा धर.” तिनं धरला.

मेथी निवडली त्याच रात्री ती झोपेत गेली. सकाळी शेजारीण म्हणाली, “काका, तोंडात पाणी घालायला पोटचं कोणी नाही, पुतण्याला बोलवा.”

म्हणालो, “उपाशी मी ठेवली, मीच घालतो.”

घातलं. सगळं बाहेर आलं.