चांदाची तेवीस आणि हाजीची खाडी

समुद्राबद्दल मला कुणी काही शिकवू नये, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती, आणि खरं सांगायचं तर ती आजही पुरती गेलेली नाही. रत्नागिरीच्या खाडीवर वाढलेला माणूस मी. माझे वडील मचव्याचे तांडेल होते, त्यांचे वडीलही. मी मात्र आयटीआय करून पंपांचा मेकॅनिक झालो आणि सौदीत अबकैकला आठ वर्षं तेलाच्या पंपांना कान लावून बसलो. तिथे समुद्र नाही, नुसती वाळू. मग कुवेतवरून सद्दामशी लढाई सुरू झाली आणि आमच्या कंत्राटदाराने विचारलं, "बोट चालवता येणारं कोण आहे?", तेव्हा माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

काम असं होतं. कुवेतकडून समुद्रात तेलाचा तवंग सुटला होता आणि किनाऱ्या-किनाऱ्याने तो खाली सरकत होता. जुबैलच्या वरच्या बाजूला लहानमोठ्या खाड्या आहेत. त्यांच्या तोंडांवर तरंगता बांध घालायचा, म्हणजे तेल आत शिरणार नाही. नारिंगी रंगाची, हवा भरलेली लांबच लांब गुंडाळी आणि तिच्याखाली हातभर झालर, असा तो बांध. प्रत्येक खाडीवर दोन माणसं. माझ्या वाट्याला खाडी आली सगळ्यात उत्तरेकडची, आणि जोडीला आला नाशिकचा एक तरुण इंजिनिअर, ज्याने समुद्र पाहिला होता तो एकदा सहलीला जाऊन आणि एकदा विमानातून. मी त्याला साहेब म्हणायचो, तो मला भाई म्हणायचा.

राहायला जागा म्हणजे एक खोपटं. फुटलेल्या जुन्या होडीच्या फळ्या उभ्या ठोकून केलेल्या भिंती, फटींत चिंध्या कोंबलेल्या, वर पत्रा आणि पत्र्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून चार टायर. एक रॉकेलचा स्टोव्ह, पाण्याचं एक पिंप. दाराला कडी नव्हती, दोरी होती. चारी बाजूंना मैलभर माणूस नाही. जानेवारीतली तिथली थंडी आपल्याकडच्यांना सांगून पटायची नाही. सकाळी स्टोव्हजवळ हात धरल्याशिवाय बोटं वळत नसत. डोक्यावरून विमानं उत्तरेला जायची, आणि थोड्या वेळाने जमिनीतून गुरगुर यायची. साहेब पहिले दोन दिवस गॅसचा मुखवटा उशाला घेऊन बसला होता. मी त्याला म्हटलं, "साहेब, सद्दामला आपला पत्ता अजून कुणी दिलेला नाय. चहा घ्या."

खोपटं एका म्हाताऱ्या कोळ्याचं होतं. आम्ही त्याला हाजी म्हणायचो. सत्तरीचा, काटक, एका डोळ्यात पांढरं पडलेलं. तो पाच-सहा मैलांवरच्या गावातून रोज सकाळी नऊच्या सुमाराला जुन्या पिकअपमधून यायचा. खाडीच्या आत त्याचा मासे धरायचा सापळा होता: चिखलात खांब रोवून, त्यांना जाळी बांधून केलेलं भलंमोठं आवार. भरतीबरोबर मासे आत येतात, ओहोटीला अडकतात, आणि हा टोपली घेऊन जातो. सापळा त्याच्या बापाने घातलेला. मुलगे नोकऱ्यांना लागून रियाधला गेले होते. हा आणि ह्याची बायको याच खाडीवर जगत होते. पहिल्याच दिवशी त्याने आम्हांला खोपट्याची दोरी सोडून दिली, खजूर आणि कहवा पुढे ठेवला आणि खाडीकडे बोट करून एवढंच म्हणाला, "तेल आत आलं तर मी खलास."

मी छातीवर हात ठेवला आणि माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हटलं, "मी आहे ना. माझा बाप समुद्राचा माणूस."

आता यातली मेख अशी, की बांध कायम बांधून ठेवता येत नव्हता. ओहोटीच्या ओढीने नांगर सुटायचे. म्हणून सुपरवायझरने नियम घालून दिला होता: पूर्ण भरती झाली की अलीकडचं टोक सोडायचं, पाणी मोकळं बाहेर जाऊ द्यायचं, आणि पुढची भरती लागायच्या आधी बोटीने टोक ओढून परत बांधायचं. सगळं काम भरती-ओहोटीच्या वेळेवर. साहेब म्हणाला, "ऑफिसमधून टाइड टेबल मागवू या, भाई." मला हसू आलं. दर्यावर्दी माणसाने कागद बघून पाणी ओळखायचं म्हणजे मुंबईच्या हलवायाने दुसऱ्याच्या दुकानातून पेढे आणायचे.

आमच्याकडचा हिशोब सोपा आहे. हिंदू कोळी तिथी मोजतात, आम्ही मुसलमान चांद मोजतो, गणित एकच. चांद दिसल्यापासूनचे दिवस घ्यायचे, पंधराच्या पुढे गेले तर पंधरा वजा करायचे, उरलेल्याची पाऊणपट करायची. तेवढे वाजता पूर्ण भरती. चौथा दिवस असेल तर तीन वाजता. आठवा असेल तर सहाला. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. वडील म्हणायचे, "पोरा, चांद बघ नि पाणी सांग, घड्याळ चुकेल." मी साहेबाला हे गणित वाळूवर काटकीने लिहून दाखवलं. त्याने ते आपल्या वहीत उतरवून घेतलं. इंजिनिअरने माझं काहीतरी लिहून घेतल्याचं मला फार बरं वाटलं.

आणि जमलं की हो! आम्ही पोचलो तेव्हा चांद भरत आलेला होता. चौदाव्या, पंधराव्या, सोळाव्या दिवशी मी सांगावं आणि पाण्याने ऐकावं. फार तर अर्ध्या तासाचा फरक, तो मी वाऱ्याच्या नावावर घालायचो. साहेब तर मला समुद्राचा हवालदार म्हणायला लागला. आज कळतं, ती बोलाफुलाला पडलेली गाठ होती. तेव्हा मात्र मी खोपट्याच्या दारात उकिडवा बसून, रत्नागिरीचं पाणी आणि सौदीचं पाणी एकाच समुद्राचं, त्याचे कायदे वेगळे कसे असतील, यावर व्याख्यान देत होतो.

चांदाच्या बाविसाव्या दिवशी संध्याकाळी हाजी टोपली पिकअपमध्ये ठेवता ठेवता माझ्याकडे वळला. एक बोट वर केलं आणि म्हणाला, "उद्या पाणी एकच."

मला त्याचं म्हणणं नीट कळलं होतं, हे मी इथे कबूल करतो. भाषेचा काही घोळ नव्हता. उद्या दिवसात एकच भरती, असं तो सांगत होता. मी हसलो. दिवसाला दोन भरत्या ही अल्लाची व्यवस्था, ती काय या खाडीसाठी बदलणार? "हाजी," मी म्हटलं, "दोन. सकाळी सहा, संध्याकाळी सहा." हाजीने एक बोट तसंच धरलं, मग खांदे उडवले आणि गाडी चालू केली. साहेब म्हणाला, "भाई, तो सत्तर वर्षं इथेच आहे." मी म्हटलं, "साहेब, एकाच डोळ्याने बघणाऱ्याला दोनाचं एकच दिसतं." त्याच्या पांढऱ्या डोळ्यावरून मी केलेली ती चेष्टा आठवली की आजही मला माझीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी चांदाची तेवीस. पंधरा गेले, राहिले आठ, आठाची पाऊणपट सहा. सकाळी सात वाजता मी खाडीच्या तोंडाशी गेलो. पाणी बरंच खाली होतं, सुस्त पडलेलं. माझ्या गणिताने ते नुकतंच भरून उतरायला लागलेलं असायला हवं होतं. साहेब म्हणाला, "ही भरती म्हणायची?" मी म्हटलं, "अष्टमीचं पाणी हाय, आमच्याकडे भांग म्हणतात. भांगाला पाणी चढतच नाय फारसं." उत्तर तयार होतं. माझ्याकडे उत्तर नेहमी तयार असायचं.

त्याने दोर बांधलेल्या खांबावर, पाण्याखाली गेलेल्या शेवाळाच्या रेघेकडे बोट दाखवलं. "भाई, मला वाटतंय पाणी चढतंय. मघाशी ही रेघ दिसत होती."

"लाट असेल," मी म्हटलं आणि दोर सोडला. बांधाचं टोक सुटून पलीकडच्या काठाला जाऊन लागलं. भरती आता बारानंतर लागणार, म्हणजे हातात पाच तास. बोटीच्या इंजिनाचं पेट्रोल संपत आलं होतं, खुब्ज, म्हणजे तिथली रोटी, संपला होता, आणि हायवेवरच्या पंपावर टेलिफोन होता. साहेबाला घरी फोन करायचा होता. त्याची आई लढाईच्या बातम्या ऐकून जेवत नव्हती. पेट्रोलचा रिकामा कॅन घेतला आणि आम्ही कंपनीच्या गाडीने निघालो. आईशी बोलून साहेब इतका खूश झाला, की परत येताना गाडीत चक्क गायला लागला.

परत आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. लांबूनच दिसलं, की पाणी खोपट्याच्या पायरीला लागलंय. इतक्या दिवसांत ते तिथवर आलं नव्हतं. मग तोंडाशी हाजी दिसला. छातीभर पाण्यात. बोटीला इंजिन होतं पण पेट्रोल आमच्या कॅनमध्ये, म्हणून त्याने ती वल्हवून पलीकडे नेली असावी. बांधाचं टोक बोटीला बांधून तो आता ती बोट हातांनी ओढत अलीकडे आणत होता. एक पाऊल पुढे यायचा, पाणी त्याला अर्धं पाऊल आत ढकलायचं. त्याच्या दोन्ही बाजूंनी काळं, जाड, चकाकणारं तेल खाडीत शिरत होतं. लाटेचा आवाजही होत नव्हता, इतकं ते जड होतं.

आम्ही धावलो. कपड्यांसकट पाण्यात उतरलो, टोक धरलं, ओढलं, बांधलं. तिघांनी मिळून दहा मिनिटांत झालं ते काम. सकाळी सातला मी दोर सोडला नसता, तर ते करायलाच लागलं नसतं. आणि बांध बांधून झाल्यावर मी मागे वळून बघितलं, तर सगळं तेल आत होतं. आता तो बांध तेलाला बाहेर जाऊ देत नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. इथे तर बैलही दुसऱ्याचा.

पाणी बारापर्यंत चढत राहिलं. संध्याकाळी सहाला दुसरी भरती आलीच नाही. हाजी म्हणाला होता तसं, एकच. पुढे मला एका बंदरातल्या माणसाने समजावलं, की त्या कोपऱ्यात असंच असतं. पुनवेच्या आसपास दोन भरत्या दिसतात, पण अष्टमीला त्यातली एक जवळजवळ नाहीशी होते आणि उरलेली कधीकधी जास्तच चढते. माझ्या वडिलांचं गणित खरं होतं, त्यांच्या खाडीपुरतं.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आला. काळी खाडी बघून त्याने कपाळाला हात लावला. हातात कागद होता, त्यावर कारण लिहायचं होतं. आमच्या दोघांचे इकामे, म्हणजे तिथे राहायचे परवाने, त्याच्याच ऑफिसात असायचे, आणि अशा चुकीला त्या दिवसांत एकच शिक्षा होती: सामान बांधा, पहिल्या विमानाने घरी. घरी माझ्या दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. साहेब माझ्याकडे बघत होता. त्याने तोंड उघडलं असतं तर त्याच्या वहीत माझं गणित माझ्याच शब्दांत होतं. पण त्याने वही खिशातच दाबून धरली.

सुपरवायझरने हाजीला विचारलं, "काय झालं?"

हाजीच्या दाढीत अजून तेलाचे डाग होते. तो म्हणाला, "वारा. उत्तरेचा वारा एकदम सुटला, पाणी चढलं, दोर तुटला. यांनी काय करावं?"

आदल्या दिवशी वाऱ्याची झुळूकही नव्हती. सुपरवायझरने मान हलवली आणि लिहून घेतलं. मी बोलायला हवं होतं. आयुष्यभर जिथे गरज नव्हती तिथे बोललो, आणि तिथे मी नुसता हातांवरचं तेल पुसत राहिलो. गाडी निघून गेली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस आली.

हाजी खाडीत उतरला होता. सापळ्याचे खांब उपटून काढायला लागला होता, कारण तेलाने माखलेली जाळी आता कशालाच उपयोगी नव्हती. मी त्याच्या मागे चिखलात उतरलो आणि विचारलं, "तू खोटं का बोललास?"

त्याने वर न बघता विचारलं, "तेल तू आणलंस का?"

"नाही," मी म्हटलं. आणि मग, जे सुपरवायझरसमोर निघालं नव्हतं, ते तिथे निघालं. "पण दार मी उघडलं. तू सांगितलं होतंस. मी हसलो होतो."

हाजी थांबला. आपल्या चांगल्या डोळ्याने त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता तो म्हणेल, जाऊ दे, अल्लाची मर्जी. मला ते ऐकायचं होतं.

"हो," तो म्हणाला. "ते खरं." आणि त्याने मला खांबाचं दुसरं टोक धरायची खूण केली.