पहिला घास वासुदेवरावांचा

वासुदेवराव नेदरलँड्समध्ये, लायडनला आमच्याच इमारतीत राहतात, लेक हिमानी आणि जावई सौमित्र यांच्याकडे. घरात माणसं तीन, जेवायच्या वेळाही तीन. जो तो आपला डबा मायक्रोवेव्हमध्ये गरम करतो. वासुदेवराव लष्करात स्वयंपाकी होते.

वीसेक वर्षांपूर्वी शांतिसेनेबरोबर ते आफ्रिकेतल्या एका देशात गेले. दोन जमातींमधली यादवी नुकतीच संपली होती. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्यांची मिळून एक फौज उभी करायची होती. परेड एकत्र व्हायची, जेवण नाही. समोरच्यांनी विष घातलं असेल, ही भीती. दोन चुली, दोन टोप, दोन्हींवर पहारा. वासुदेवरावांनी एकच टोप चढवला. रोज सगळ्यांसमोर उभं राहून आधी स्वतः जेवायचे. सगळ्यांचे डोळे त्यांच्या तोंडाकडे. यांना काही झालं नाही, हे बघूनच रांग पुढे सरकायची. वर्षभर त्यांच्याबरोबर कुणी जेवायला बसलं नाही.

यंदा त्या देशाचे काही तरुण लष्करी अधिकारी लायडनला शिकायला आले. वासुदेवरावांनी हिमानीला सांगून त्यांना जेवायला बोलावलं.

"भाषण करणार का?" मी विचारलं.

"छे. एका टोपातलं खातात का, तेवढं बघायचंय."

टोप हेगच्या सुरिनामी हिंदूंच्या देवळातून आणला. ट्रेनमध्ये एक कडी त्यांच्या हातात, एक माझ्या. मी निवृत्त फिटर, ओझ्याची सवय आहे. कांदा त्यांनी हातानंच चिरला आणि परतायला घेतला.

"कच्चा राहिलाय," मी म्हणालो.

"तुम्ही नटबोल्ट आवळा. कांद्यात बोलू नका."

सकाळपासून ते टेकले नाहीत. कोंबडीचा रस्सा तळाला लागू दिला नाही.

संध्याकाळी पाहुणे आले, दोन्ही जमातींचे. वासुदेवराव वाटी घेऊन टोपापाशी उभे राहिले. पोरांनी वाटच पाहिली नाही. एकानं झाकण काढलं, दुसऱ्यानं त्याचं ताट भरलं, तिसऱ्यानं त्याच ताटातली तंगडी पळवली. सगळे हसले.

"बाबा, बसा ना," हिमानी म्हणाली. खुर्ची रिकामी नव्हती.

वासुदेवराव ताट घेऊन स्वयंपाकघरात आले आणि ओट्याशी उभ्यानं जेवू लागले. मी पाणी दिलं.

"झालं की मनासारखं."

"झालं." त्यांनी घास सावकाश चावला. "मीठ कमी आहे. कुणी बोललं नाही."