पुजलेली बंदूक

शिलाई मशीनला तेल देताना बोटांना बंदुकीच्या तेलाचा तोच वास लागला, आणि बाबांनी बंदूक विकायला काढली ती दुपार समोर आली.

रानडुकरांसाठी घेतलेली ती बंदूक आता आसेगावहून आलेले एक शेतकरी घेणार होते. त्यांच्याकडे परवाना होता, विक्रीची सरकारी परवानगीही आली होती. चाप किती हलका आहे ते दाखवायला बाबांनी बंदूक खांद्याला लावली. नळी कुडाकडे होती. कुडापलीकडे आई भाकरी थापत होती.

पाहुण्यांनी नळी धरून वर केली. "आधी उघडून दाखवा, भाऊ."

"रिकामीच हाय," बाबा चिडून म्हणाले. "दसऱ्यापासून हात नाही लावला तिले."

"तरी दाखवा."

तेव्हा तो माणूस मला उद्धट वाटला होता. बाबांनी बंदूक उघडली. आत लाल काडतूस होतं. रिकामी बंदूक पुजायची नाही, ही आमच्या घरची रीत. पूजेनंतर ते काढायचं राहून गेलं होतं.

कुडापलीकडची थपथप थांबली. "पाहुणे जेवतीन ना?" आईनं विचारलं.

पाहुण्यांनी काडतूस काढून मुठीत झाकलं.

"जेवतो, वहिनी. होऊ द्या भाकरी."